मुरुमांची ट्यूबही प्रतिजैविकच आहे

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी दिल्लीत केंद्रीय आरोग्यमंत्री जे. पी. नड्डा यांनी प्रतिजैविक-प्रतिरोधाविषयीच्या राष्ट्रीय कृती आराखड्याची दुसरी आवृत्ती जाहीर केली. २०२५ ते २०२९ हा तिचा कालखंड आहे. पहिला आराखडा २०१७ मध्ये आला होता. जिवाणू औषधांना दाद देईनासे होणे हे आता केवळ रुग्णालयांचे दुखणे राहिलेले नाही, ती राष्ट्रीय चिंतेची बाब आहे, हे या निमित्ताने पुन्हा एकदा अधोरेखित झाले. ते योग्यच झाले. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट प्रतिरोधक जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज आहे. क्षय, हिवताप किंवा एड्स यांची आठवण करून देणारा हा आकडा आहे.

परंतु या विषयावर बोलताना आपल्या डोळ्यांसमोर काही ठरावीक चित्रेच उभी राहतात. अतिदक्षता विभागातील रुग्ण, कोंबड्यांच्या खाद्यात मिसळलेली औषधे, सर्दीखोकल्यावर गोळ्यांची पाकिटे मागणारा माणूस. या चित्रांत एक गोष्ट कधीच नसते. घरोघरी आरशाच्या फळीवर, दाढीच्या साबणाशेजारी किंवा केसांच्या तेलाशेजारी पडलेली मुरुमांवरची छोटी ट्यूब. आजचे लिखाण त्या ट्यूबविषयी आहे.

गेल्या वर्षी माझ्या भाचीला भेटायला मी कोट्याला गेले होते. देशभरातून हजारो मुले प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी या शहरात येतात, त्यांपैकी ती एक. वसतिगृहाच्या खोलीत तिच्या टेबलावर एक अर्धी पिळलेली ट्यूब होती. वाचायची सवय म्हणून मी ती उचलली. क्लिंडामायसिन, १ टक्का.

“ही कधीपासून लावतेस?”

“इथे आल्यापासून. आठ-नऊ महिने झाले असतील. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने दिली.”

“एवढे महिने रोज अँटिबायोटिक?”

“अँटिबायोटिक कुठे गं मावशी? क्रीम आहे ती!”

खोलीतील दुसऱ्या मुलीनेही तीच ट्यूब वापरून पाहिली होती, तिसरीने आपल्या भावासाठी गावी पाठवली होती. यात कोणाचाही निष्काळजीपणा नव्हता. या मुली रसायनशास्त्राचे कठीण प्रश्न सोडवतात. गोळी म्हणजे औषध आणि तोंडाला लावायचे ते प्रसाधन, ही जी सीमारेषा आपण सर्वांनीच मनात आखून ठेवली आहे, तिच्याच आधारे त्या वागत होत्या. मला वाटते, आपल्या धोरणकर्त्यांच्या मनातही बऱ्याच अंशी हीच रेषा आहे. ती पुसली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रथम आजाराविषयी. मुरूम हा अस्वच्छतेचा परिणाम नाही आणि तळलेले खाण्याची शिक्षाही नाही. किशोरवयात संप्रेरकांच्या प्रभावाने त्वचेतील तैलग्रंथी अधिक स्निग्ध द्रव्य तयार करू लागतात. त्याच वेळी रोमकूपाच्या तोंडाशी मृत पेशींचा थर साचतो आणि वाट बुजते. आत अडकलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जिवाणू पोसला जातो. हा जिवाणू बाहेरून आलेला शत्रू नव्हे, तो आपल्या सर्वांच्या त्वचेवर कायमचा राहतो. पूर्वी त्याला प्रोपिओनिबॅक्टेरियम म्हणत, २०१६ मध्ये त्याचे नाव बदलले. अडकलेल्या रोमकूपात त्याची संख्या वाढली, की शरीराची संरक्षणयंत्रणा खवळते. मग लाली, सूज, पू, वेदना असा क्रम सुरू होतो. या अवस्थेला दाहयुक्त मुरूम म्हणतात. उपचार वेळेवर झाला नाही तर खड्डे राहतात, आणि सावळ्या-गव्हाळ त्वचेवर काळे डाग महिनोन्‌महिने टिकतात. सोळाव्या वर्षी हे डाग केवळ चेहऱ्यावर पडत नाहीत. म्हणून, ‘मुरूम काय, वयाबरोबर जातील’ असे म्हणून हा विषय झटकणाऱ्यांच्या पंक्तीत मला बसायचे नाही. उपचार हवाच. प्रश्न कोणता आणि किती काळ, हा आहे.

वरून लावायची प्रतिजैविके या साखळीतील एका कडीवर काम करतात. ती जिवाणूंची वाढ रोखतात आणि काही प्रमाणात दाहही कमी करतात. तेल कमी करणे किंवा बुजलेली वाट मोकळी करणे हे त्यांचे काम नाही. अमेरिकेत वरून लावायच्या क्लिंडामायसिनला १९८० मध्ये मान्यता मिळाली. एरिथ्रोमायसिनही त्याच काळात रुळले. आपल्याकडे या दोहोंबरोबर जपानमध्ये विकसित झालेले नॅडिफ्लॉक्सासिनही वापरात आहे. पोटात औषध घ्यायचे नाही, त्यामुळे दुष्परिणाम कमी, आणि दोन-तीन आठवड्यांत फरक दिसू लागतो. डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही हा मार्ग सोयीचा वाटला, यात नवल नाही.

सोयीची किंमत मात्र लवकरच कळू लागली. मुरुमांच्या जिवाणूत एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिन या दोन्ही औषधांना एकत्रित प्रतिरोध आढळल्याची नोंद १९७९ सालची आहे. म्हणजे अमेरिकेत ट्यूबला मान्यता मिळण्याआधीच इशारा मिळाला होता. ही दोन्ही औषधे, आणि त्यांच्याच नात्यातले अझिथ्रोमायसिन, जिवाणूच्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेत जवळपास एकाच जागी जाऊन बसतात. त्या जागेत एखादा छोटा जनुकीय बदल झाला, की एकाच वेळी अनेक औषधांचे दार बंद होते. २००३ मध्ये युरोपातील सहा देशांमधील रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. किमान एका प्रतिजैविकाला न जुमानणारे हे जिवाणू हंगेरीत ५१ टक्के, तर स्पेनमध्ये ९४ टक्के रुग्णांच्या त्वचेवर सापडले.

त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष मला अधिक बोलका वाटतो. मुरुमांच्या उपचारांत विशेषज्ञ असलेल्या ३९ त्वचारोगतज्ज्ञांपैकी २५ जणांच्या स्वतःच्या त्वचेवर असे प्रतिरोधक जिवाणू आढळले. इतर विभागांतील २७ डॉक्टरांपैकी एकाच्याही त्वचेवर ते नव्हते. रुग्णांना तपासताना हात लागतो, तेवढ्या संपर्कानेही हे जिवाणू माणसागणिक पुढे सरकतात, असाच त्याचा अर्थ. प्रतिरोध ट्यूब वापरणाऱ्याच्या चेहऱ्यापुरता राहत नाही. कोट्यातील त्या खोलीत तीन मुली एकच टॉवेलदांडी, एकच उशीची रास आणि एकच ट्यूब वापरत होत्या, हे येथे आठवावे.

भारतातील चित्रही फारसे वेगळे नाही. दिल्लीतील रुग्णांवर झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिळालेल्या जिवाणूंपैकी फार मोठा हिस्सा एरिथ्रोमायसिन, अझिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिन यांना प्रतिरोधक निघाला. अभ्यास छोटा होता, एका शहरातला होता, त्यावरून अख्ख्या देशाची टक्केवारी सांगणे बरोबर नाही. पण ज्या देशात ही औषधे इतक्या सहज हाती पडतात, तेथे याहून वेगळे काही घडले असते तरच आश्चर्य.

येथे एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. प्रतिरोध इतका वाढला असेल, तर ट्यूब लावून मुरूम कमी कसे होतात? हा आक्षेप खोटा नाही. २००५ मध्ये जुन्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात एरिथ्रोमायसिनचा परिणाम वर्षांगणिक घटत गेल्याचे दिसले, परंतु क्लिंडामायसिनचा परिणाम चाचण्यांमध्ये बहुतांशी टिकून होता. प्रतिजैविकाचा दाह कमी करण्याचा स्वतंत्र गुण, मलमाच्या पायाचा परिणाम, आणि काळाबरोबर मुरूम आपोआप ओसरणे, अशी अनेक कारणे त्यामागे असू शकतात. तेव्हा ‘ही ट्यूब आता निकामी झाली’ असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. माझी चिंता वेगळी आहे. ट्यूबचा फायदा चेहऱ्यावर दिसतो, नुकसान मात्र दुसरीकडे, दुसऱ्या जिवाणूंत आणि कधीकधी दुसऱ्या माणसात होते. ज्याला नुकसान दिसत नाही, तो थांबणार कसा?

हे नुकसान कसे होते? आपल्या त्वचेवर मुरुमांचा जिवाणू एकटा राहत नाही. स्टॅफिलोकोकस कुळातील जिवाणूंची मोठी वस्ती तेथे असते. चेहऱ्यावर रोज प्रतिजैविक लावले, की या सर्वांवर एकाच वेळी निवडीचा दाब येतो. जे मरायचे ते मरतात, जे तग धरतात ते वाढतात. २ टक्के एरिथ्रोमायसिन जेल तीन महिने वापरून केलेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत प्रतिरोधक स्टॅफिलोकोकाय चेहऱ्यावर तर वाढलेच, पण जेथे जेल लावलेच नव्हते त्या पाठीवर आणि नाकपुड्यांतही वाढले. हे जिवाणू बहुधा निरुपद्रवी असतात. मात्र प्रतिरोधाची जनुके त्यांच्याकडून स्टॅफिलोकोकस ऑरियससारख्या धोकादायक भावंडाकडे जाऊ शकतात. आणि क्लिंडामायसिन हे केवळ मुरुमांचे औषध नव्हे. हाडांचे व सांध्यांचे संसर्ग, मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसचे त्वचेवरील गळवे, पेनिसिलिन न चालणाऱ्या रुग्णांतील काही गंभीर संसर्ग, अशा प्रसंगी डॉक्टरांच्या हाती असलेल्या मोजक्या अस्त्रांपैकी ते एक आहे. गालावरच्या चार फोडांसाठी नऊ महिने हे अस्त्र झिजवत ठेवणे हा व्यवहार आपल्याला परवडणारा नाही.

सुदैवाने या पेचातून बाहेर पडण्याचा मार्ग जुना, स्वस्त आणि नीट पारखलेला आहे. त्याचे नाव बेंझॉइल पेरॉक्साइड. हे प्रतिजैविक नाही. त्वचेवर ते सक्रिय ऑक्सिजन मुक्त करते आणि जिवाणूच्या अनेक भागांवर एकदम आघात करते. एखादे कुलूप बदलून निसटण्याची सोय जिवाणूला राहत नाही. म्हणूनच अनेक दशके वापरात असूनही त्याला प्रतिरोध निर्माण झाल्याचे आढळलेले नाही. प्रतिजैविकाच्या जोडीला ते दिले, तर प्रतिजैविकाचेही रक्षण होते. २००२ मधील एका छोट्या चाचणीत नुसते क्लिंडामायसिन लावणाऱ्यांच्या त्वचेवर १६ आठवड्यांत प्रतिरोधक जिवाणूंची संख्या मूळ पातळीच्या १६ पटींहून अधिक झाली. क्लिंडामायसिन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड एकत्र वापरणाऱ्यांत ती वाढली नाही. वैद्यकात इतका स्वच्छ फरक क्वचितच पाहायला मिळतो.

या पुराव्याच्या आधारे जगभरातील मार्गदर्शक तत्त्वे आज एका सुरात बोलतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने जून २०२१ मध्ये स्पष्ट सांगितले, की मुरुमांसाठी वरून लावायचे प्रतिजैविक एकटे वापरू नये, पोटात घ्यायचे प्रतिजैविकही एकटे देऊ नये, आणि वरचे व पोटातले अशी दोन प्रतिजैविके एकत्र देऊ नयेत. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या २०२४ मधील तत्त्वांचाही सूर तोच आहे. उपचाराचा आढावा साधारण १२ आठवड्यांनी घ्यावा, सुधारणा झाली तर प्रतिजैविक बंद करून अ‍ॅडापॅलीनसारखे रेटिनॉइड किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड पुढे चालू ठेवावे, हा आता सर्वमान्य शिरस्ता आहे.

बेंझॉइल पेरॉक्साइड निर्दोष आहे असे मात्र नाही. ते त्वचा कोरडी करते, सुरुवातीला चुणचुणते, आणि टॉवेल-उशीचे रंग उडवते. आपल्याकडे ते नको वाटण्यामागे हे मोठे कारण आहे. शिवाय जळजळ झालेल्या गव्हाळ त्वचेवर डाग राहण्याची भीती असते. परंतु २.५ टक्क्यांचे जेल हे ५ किंवा १० टक्क्यांच्या जेलइतकेच दाहयुक्त मुरुमांवर गुणकारी असून त्रास कमी देते, हे १९८६ पासून माहीत आहे. थोड्या प्रमाणात, एक दिवसाआड सुरुवात केली तर बहुतेकांना ते सोसते. दुसरा प्रश्न अलीकडचा आहे. उष्णतेत हे द्रव्य विघटित होऊन बेंझीन हे कर्करोगकारक रसायन तयार होऊ शकते, असे अमेरिकेतील एका प्रयोगशाळेने मार्च २०२४ मध्ये निदर्शनास आणले. त्यानंतर तेथील औषध प्रशासनाने ९५ उत्पादने तपासली. ९० टक्क्यांहून अधिक उत्पादनांत बेंझीन सापडलेच नाही किंवा अत्यल्प सापडले, आणि मोजकी उत्पादने मार्च २०२५ मध्ये परत बोलावण्यात आली. यातून घाबरून जाण्यासारखे काही निघत नाही. पण मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या आपल्या देशात ही ट्यूब दुकानात आणि घरात थंड जागी ठेवली जाते का, मुदत संपल्यावर टाकून दिली जाते का, हे पाहण्याची जबाबदारी नक्कीच निघते.

मग एवढे सगळे ठाऊक असताना दुकानातून नुसते क्लिंडामायसिन का दिले जाते? अनेक ट्यूबांत त्याच्या जोडीला निकोटिनामाइड असते. दाह कमी करण्यासाठी त्याचा उपयोग होतो, पण जोडऔषध आहे म्हणून प्रतिरोधाला आळा बसतो, असा समज करून घेऊ नये. ती राखण बेंझॉइल पेरॉक्साइडची आहे.

याचे उत्तर कायद्याच्या मांडणीतही शोधावे लागेल. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशा औषधांची ‘अनुसूची एच’ आपल्याकडे आहे. तिच्या टिपेत वरून लावायच्या औषधांना दीर्घकाळ सवलत होती. गोळीला चिठ्ठी हवी, मलमाला नको, ही मनातली रेषा कायद्याच्या भाषेतही उतरलेली होती. त्याची फळे देशाने स्टेरॉइड मलमांच्या रूपाने चाखली. भारतातील १२ केंद्रांवर झालेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड मलम लावत होते. कोणी गोरेपणासाठी, कोणी मुरुमांसाठी. आणि त्या मलमांनी मुरूमच वाढले होते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने अनेक वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २०१८ मध्ये १४ स्टेरॉइडांची मलमे चिठ्ठीच्या कक्षेत आली. त्याच वर्षी सरकारने ३२८ मिश्रऔषधांवर बंदी घातली. त्यांत स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र कालवलेली काही मलमेही होती.

म्हणजे मलम हे औषध आहे, हे मान्य करण्याचा प्रघात आपल्याकडे एकदा पडलेला आहे. आता दुसरे पाऊल उचलायचे आहे. कागदावर नियम काहीही असो, शहरातील कोणत्याही दुकानात जाऊन ‘पिंपल्ससाठी काहीतरी द्या’ असे म्हणून पाहावे. काउंटरवर काय येते, ते आपणा सर्वांना ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती वैज्ञानिक वर्तुळातही क्वचित बोलली जाते. देशात प्रतिजैविके किती खपतात हे मोजण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची एक वर्गीकरणपद्धती वापरली जाते. पोटात घ्यायची आणि इंजेक्शनची प्रतिजैविके तिच्यात ‘जे ०१’ या गटात येतात, आणि प्रत्येकाला एक प्रमाणित दैनिक मात्रा ठरवून दिलेली आहे. त्या मात्रेच्या हिशेबात देशोदेशींच्या खपाची तुलना होते. मुरुमांवर लावायचे क्लिंडामायसिन मात्र त्वचेच्या ‘डी’ गटात पडते. वरून किती मलम लावले जाईल याचा नेम नसल्याने या गटातील बहुतेक औषधांना अशी मात्रा ठरवलेलीच नाही. तांत्रिकदृष्ट्या हे समजण्यासारखे आहे. परिणाम मात्र असा होतो, की प्रतिजैविकांच्या खपाचे नेहमीचे तक्ते काढले, की त्यांत या ट्यूबा दिसत नाहीत. जे मोजले जात नाही त्याच्यावर धोरण आखले जात नाही. माझ्या भाचीने ट्यूबला क्रीम म्हटले, तसेच आपली आकडेवारीही म्हणते आहे.

चिठ्ठीची सक्ती कडक केली तर गरिबांचे काय, असा प्रश्न विचारला जाईल, आणि तो विचारलाच पाहिजे. त्वचारोगतज्ज्ञ मुख्यतः शहरांत आहेत. पालाक्काड किंवा पूर्णियाच्या एखाद्या गावातील मुलाने मुरुमांसाठी दिवसाची मजुरी बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी जावे, अशी अपेक्षा मी करणार नाही. पण या प्रश्नाचे उत्तर प्रतिजैविक मोकळे सोडणे हे नाही. अमेरिकेत नेमके उलटे आहे. तेथे बेंझॉइल पेरॉक्साइड चिठ्ठीविना मिळते, २०१६ पासून ०.१ टक्का अ‍ॅडापॅलीनही चिठ्ठीविना मिळते, आणि क्लिंडामायसिनला मात्र चिठ्ठी लागते. जे औषध प्रतिरोध वाढवत नाही ते हाताशी, आणि जे वाढवते ते कुलपात. आपल्या काउंटरवर आज हा क्रम बहुधा उलटा आहे. तो सुलटा करणे हे गरिबांच्या विरोधात नाही. सौम्य मुरुमांसाठी त्यांना अधिक चांगले आणि बहुधा अधिक स्वस्त औषध मिळेल. अ‍ॅडापॅलीन गरोदरपणात टाळावे, ही सूचना मात्र वेष्टनावर ठळकपणे, स्थानिक भाषेत असायला हवी.

हे अशक्य नाही, याचे उदाहरण देशातच आहे. केरळने २०१८ मध्ये स्वतःचा प्रतिरोधविषयक कृती आराखडा आखला. असे करणारे ते पहिले राज्य. जानेवारी २०२४ मध्ये तेथे ‘ऑपरेशन अमृत’ सुरू झाले आणि चिठ्ठीविना प्रतिजैविके विकणाऱ्या दुकानांवर अचानक तपासण्या होऊ लागल्या. त्याच महिन्यात केंद्रातील आरोग्यसेवा महासंचालकांनी वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांना पत्र लिहून, प्रतिजैविक देताना त्याचे कारण चिठ्ठीवर नोंदवण्याची विनंती केली. या दोन्ही गोष्टी मुरुमांच्या ट्यूबला लागू करण्यात कोणती अडचण आहे?

म्हणून नव्या राष्ट्रीय आराखड्याच्या अंमलबजावणीकडून माझ्या चार साध्या अपेक्षा आहेत. पहिली, वरून लावायच्या प्रतिजैविकांचा खप ट्यूबांच्या किंवा ग्रॅमच्या हिशेबात का होईना, पण दरवर्षी मोजावा आणि प्रसिद्ध करावा. दुसरी, या ट्यूबांच्या वेष्टनावर ‘हे प्रतिजैविक आहे, एकटे वापरू नये, १२ आठवड्यांनंतर डॉक्टरांना विचारावे’ असे तीन छोटे वाक्यखंड हिंदी, इंग्रजी आणि राज्याच्या भाषेत असावेत. २०१६ मध्ये गोळ्यांच्या पाकिटावरील लाल रेषेची ओळख जनतेला करून देणारी मोहीम झाली होती. तीच ओळख ट्यूबपर्यंत न्यावी. तिसरी, मुरुमांसाठी नुसते प्रतिजैविक असलेल्या मलमांची खरोखर गरज किती उरली आहे, याचा औषध नियंत्रकांनी फेरविचार करावा आणि बेंझॉइल पेरॉक्साइडसह असलेल्या मिश्रणांना प्राधान्य द्यावे. चौथी, कोटा, हैदराबाद, दिल्लीतील मुखर्जीनगर अशा ठिकाणी, जेथे घरापासून दूर राहणारी तरुण मुले एकवटलेली आहेत, तेथील दुकानदारांना आणि वसतिगृहांना आधी हाताशी धरावे. दुकानदाराला आरोपी करून हे साधणार नाही. तो अनेकदा त्या मुलांचा एकमेव जवळचा सल्लागार असतो.

डॉक्टरांकडूनही एक विनंती. चिठ्ठीवर ट्यूबचे नाव लिहिताना ती केव्हा थांबवायची हेही लिहा. सुरू करण्याची तारीख सर्वांना ठाऊक असते, थांबण्याची कोणालाच नसते. माझ्या भाचीच्या नऊ महिन्यांचे मूळ त्यातच आहे. कोणीही तिला थांब असे सांगितले नव्हते.

कोट्याहून निघण्याआधी आम्ही दोघी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे जाऊन आलो. त्यांनी ट्यूब बंद केली, रात्री लावायला अ‍ॅडापॅलीन आणि सकाळी २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड दिले, आणि पहिले काही आठवडे चेहरा थोडा रुसेल, घाबरू नकोस, असे बजावले. तसेच झाले. तीन आठवडे फोनवर तक्रारी ऐकल्या. पिवळा टॉवेल पांढरा झाला, त्याचाही उद्धार झाला. चौथ्या महिन्यात नवे फोड येणे बरेच कमी झाले. जुने डाग अजून आहेत, ते जायला वेळ लागेल. एका मुलीच्या अनुभवाने काही सिद्ध होत नाही, हे मला कळते. पण मागच्या आठवड्यात ती सहज म्हणाली, “मावशी, खोलीतल्या नव्या मुलीकडे तीच ट्यूब होती. मी तिला सांगितलं, ही क्रीम नाही, अँटिबायोटिक आहे. आधी डॉक्टरला विचार.”

राष्ट्रीय आराखड्याची पाने किती, हे मला महत्त्वाचे वाटत नाही. त्यातील हे एक वाक्य वसतिगृहाच्या एका खोलीत पोहोचले आहे, आणि ते कोणत्याही शासकीय पत्रकाविना पोहोचले आहे. ते देशातील उरलेल्या खोल्यांपर्यंत नेण्याचे काम आता ज्यांचे आहे, त्यांनी करावे.

वाचकांनी आज घरी गेल्यावर आरशाच्या फळीवरची ट्यूब एकदा उलटून पाहावी, बारीक अक्षरे वाचावीत, आणि ती किती महिन्यांपासून तेथे आहे हे आठवून पाहावे. हे लिखाण वैद्यकीय सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. चालू उपचार मनानेच बदलू नयेत, ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि ‘ही केव्हा थांबवायची?’ एवढाच प्रश्न विचारावा. आपल्याला काय उत्तर मिळाले, हे खाली अवश्य लिहा. वाचायला मला आवडेल.